आधी झिरो बघ

उद्यमनगरात सोमवारी मशीनं बंद.
शटर अर्धं वर, आत थंड लोखंडाचा वास,
आणि मी सहावीची वही घेऊन आप्पांच्या लेथपाशी.
चौगुले बाईंनी विचारलेलं,
उणे तीनपासून चारपर्यंत अंतर किती?
मी लिहिलं होतं सहा.
बाईंनी त्या सहाला लाल गोल केला,
का चुकलं ते लिहिलं नाही.

आप्पा चौथी शिकलेले.
वही त्यांनी हातात घेतलीच नाही, हात तेलकट होते.
म्हणाले, "चालून दाखव."
कोब्यावर खडूनं रेघ ओढली,
मगदूमांच्या ऑफिसापासून ग्राइंडरपर्यंत.
टोकांना बाण काढले नाहीत, दोन्हीकडे भिंतच होती.
मी उणे तीनवर उभी. उडी. उणे दोन. उडी. उणे एक.
आणि तिथून एकदम एकवर.
"मधलं?"
शून्य म्हणजे काहीच नाही ना आप्पा, त्याला काय मोजायचं?
"पाय ठेव. जागा हाय ती.
वर काय न्हाई, खाली कोबा हाय की."
"मग परत चालतो," म्हटलं, आणि चाललो.
सात.
(आम्ही पोरी तेव्हा 'चाललो'च म्हणायचो.
अजून घाईत असले की तोंडात तेच येतं.)

पुढच्या आठवड्यात बाईंनी केवल मूल्य शिकवलं.
उणे दोन, अधिक दोन, शून्यापासून दोघं सारखेच लांब.
ते मी तोऱ्यात आप्पांना सांगायला गेले.
लेथवर पंचवीसचा शाफ्ट फिरत होता,
दुधासारखं पाणी त्याच्यावर पडत होतं.
"सारखे? बग हां.
दोन शतांश जाड ऱ्हायला तर आणि एक हात मारतो, बसतोय.
दोन शतांश बारीक झाला तर भंगार,
वर माझ्या हजेरीतनं कापणार.
लोखंड काढता येतंय, लावता येत न्हाई."
मग बुश उचलला, त्याच्या भोकातून एका डोळ्यानं
माझ्याकडे बघत म्हणाले,
"आणि ह्याचं उलटं.
भोक ल्हान चालतंय. मोठं झालं की संपलं."

त्या रात्री मला झोप नाही.
अंतर सारखं असेल,
तर परत यायची वाट एकाच बाजूला कशी?
आणि ती बाजूसुद्धा बदलते,
आपण शाफ्ट आहोत की भोक, त्यावर.
पुस्तकात याला चिन्ह नव्हतं.

मगदूमांच्या वहीत आप्पांच्या नावाखाली उचल होती,
घरावर नवा पत्रा घातला तेव्हाची, बारा हजार.
महिन्याला आठशे कापून
पंधराव्या पगाराला रकान्यात शून्य आलं.
आप्पा येताना खासबागेत थांबले, भेळेच्या पुड्या आणल्या.
पाच.
घरात आम्ही चौघं.
आई म्हणाली, मोजता येतं का न्हाई तुम्हाला?
"येतंय की," आप्पा म्हणाले,
"आज एकानं पुढं हाय आपण."
ती पाचवी पुडी रात्रभर फळीवर राहिली,
सकाळी मऊ पडली, तरी मीच खाल्ली.

आता लेथ सुटून नऊ वर्षं झाली.
मायक्रोमीटर लाकडी डबीत आहे, हिरव्या फडक्यात.
कधीमधी मी तो काढते आणि भलतंसलतं मोजते,
लग्नपत्रिकेचा कागद, कढीपत्त्याचं पान.
खाटेवरून दरवेळी आवाज येतो, "आधी झिरो बघ."
मिटवून बघते. शून्यावर थांबत नाही तो,
दोन घरं पलीकडे जातो, उण्यात.
वापरून वापरून तोंडं झिजलीत.
पाना डबीतच आहे,
फिरवला तर मिनिटात जुळेल.
मी फिरवत नाही.
उणे दोन वजा करायचे, म्हणजे दोन मिळवायचे,
एवढं येतं मला.

आज माझा केस धरला. पाच शतांश.
आणि दोन.
"सात," मी म्हटलं.
आप्पा कुशीवर वळले.
"काळा मोजलास व्हय? पांढरा मोज.
तो जाड भरतोय."